अधिक एकशे ऐंशी

एकशे ऐंशी.
एवढंच सरकवलं होतं मी उजवीकडे,
निळ्या पट्टीवरचा एक ठिपका,
बोटाच्या पेराएवढा.
ग्राफिक्स कार्डाला कुणी विचारलं नव्हतं.

पहिले तीन दिवस ते धावलं.
तेविसाव्या मजल्यावरच्या, अजून न बांधलेल्या बाल्कनीला
मी काचा बसवल्या, काचांत समुद्र,
समुद्रावर संध्याकाळचे साडेसहा
(बिल्डरला साडेसहाच हवे असतात).
चाळीस मिनिटांचं चित्र एकोणतीस मिनिटांत.
वाचलेल्या अकरा मिनिटांचं मी काय केलं
ते आता आठवत नाही.

चौथ्या रात्री पडदा काळा.
पंखा तेवढा ओरडत राहिला आत,
विसरलेल्या कुकरसारखा.

मग मी संशय घेत सुटले.
ड्रायव्हर काढला, जुना घातला, परत नवा.
रॅम उपसून खोडरबरानं घासली.
चार्जर बदलला, विंडोज पुन्हा टाकली,
वायरमनला गाठून विचारलं
कांजूरला रात्री व्होल्टेज पडतं का हो.
सगळ्यांवर आळ घेऊन झाला.
ठिपका आपला जागच्या जागी,
घरातल्याच माणसासारखा, बिनबोभाट.

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या टेबलावर
मुश्ताक परकारनं मागचं झाकण उघडलं
आणि हसला.
"राहता कुठे बाई, गिरणीवर?"
हो. खाली धनावडेबाईंची गिरणी.
पात्यांमधला पांढुरका थर त्यानं बोटावर घेतला,
हुंगला:
"बाजरी."
चिपवरची पेस्ट वाळून भेगाळलेली.
चौऱ्याण्णव डिग्री, म्हणाला, चहा ठेवा यावर.
"त्यात तुम्ही घड्याळ पुढं केलंत."
पंखा साफ केल्याचे पैसे घेतले, पेस्टचे घेतले,
घड्याळाचे नाही.

तरी दोन दिवसांनी पुन्हा काळा.
कारण ठिपका मी हलवलाच नव्हता.
हात होईना. अकरा मिनिटं.

संध्याकाळी दळण आणायला खाली उतरले.
धनावडेबाईंनी पीठ चिमटीत घेतलं,
मनगटाच्या आतल्या बाजूला लावलं,
बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं,
आणि वरचं चाक अर्धा आटा सैल केलं.
"जास्त आवळलं की गरम पडतं.
मग भाकरी थापताना चिरते,
गिऱ्हाईक म्हणतं बाजरीच जुनी."
पट्टा पुन्हा फिरू लागला.
मी डबा घेऊन उभीच.

वर आले. पंचवीस-पंचवीसनं मागं.
एकशे पंचावन्न: सतराव्या मिनिटाला काळोख.
एकशे तीस: समुद्र आला, क्षितिज यायचं राहिलं.
एकशे पाच: चित्र पुरं, पण आकाशभर हिरव्या ठिणग्या,
कुठल्याच संध्याकाळी नसतात अशा.
ऐंशी. पंचावन्न. तीस. पाच.
शून्य वाटेत लागलंच नाही.
उणे वीस.

रात्री दोन. गिरणी केव्हाच बंद.
चित्र चौकोना-चौकोनानं उगवतंय,
आधी कठड्याचा कोपरा, मग कुंडी,
मग एक चौकोन नुसतं पाणी,
मग त्याच्या शेजारी आणखी पाणी.
इतकं सावकाश मी ते कधी पाहिलं नव्हतं.
कुंडीतलं झाड मीच लावलेलं, आणि कोणतं ते सांगता येईना.

त्रेचाळीस मिनिटं.

पाठवलं. बिल्डरचा माणूस जागाच होता.
छान आहे मॅडम, त्यानं लिहिलं,
समुद्र फक्त थोडा जवळ घ्या.

मी लॅपटॉप उचलला,
त्याच्या पोटाला मनगट लावून पाहिलं.
कोमट.
समुद्राचं सकाळी बघू.